गणपतीखालची फाईल

माझ्या नात्यातली पाच घरं मी लिनक्सवर नेली आणि पाचही घरं माघारी फिरली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी काहीतरी चांगलं होईल या आशेवर कोणी वाचत बसायला नको. पहिलं घर पुलगावच्या मामाचं. तिथं लिनक्स बावीस मिनिटं टिकलं. तेवढ्या वेळात मामाला पत्त्यांचा खेळ सापडला नाही, आणि मामानं रागानं जेवणाचं ताट सरकवून दिलं. दुसरं आत्याचं. तिनं विचारलं की हे फुकट देणारे लोक बदल्यात घरातलं काय नेतात. मी तीन तास उत्तर दिलं. चौथ्या तासाला तिनं कपाटाची किल्ली काढून कमरेला खोचली आणि मी निघेपर्यंत कपाटाला टेकून बसली. तिसऱ्या आणि चौथ्या घराचं काही सांगत नाही, कारण तिथं खरोखरच माझी चूक होती. पाचवं घर जामच्या मावशीचं.

मी वर्ध्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतले कम्प्यूटर सांभाळतो. जिला कोणी मालक नाही, जगभरच्या लोकांनी आपापल्या घरी बसून लिहिलेली, कोणीही घ्यावी आणि कोणालाही द्यावी अशी ही विंडोजऐवजी कम्प्यूटर चालवणारी प्रणाली मी पहिल्यांदा पाहिली, त्या दिवशी मला ताप आला. तो अजून उतरलेला नाही. मेलेल्या कम्प्यूटरांच्या डब्यांत मी तिनं जीव घातलाय. एक डबा तर असा होता, की त्यात उंदरीण व्याली होती. पिल्लांसकट चालू केला मी तो. जामच्या चौकात उभा राहून मी लिनक्सवर बोलायला लागलो, की नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रक जागच्या जागी उभे राहतात. मावशीचं म्हणणं, ते चहासाठी थांबतात.

मावशीच्या यजमानांना आम्ही मावसाजी म्हणतो. जामच्या फाट्यावर त्यांचं झेरॉक्सचं आणि वह्या-पेनांचं दुकान आहे, दुकानामागे घर, आणि घरामागून सुरू होणारं वावर. दुकान पोटासाठी. खरं काम निराळं. आमच्या समाजातल्या पोरापोरींचे बायोडाटा मावसाजी जमवतात, टाइप करतात, छापून देतात, आणि याचा कागद त्याच्याकडे, त्याचा याच्याकडे पाठवून लग्नं जुळवतात. त्याचं काही घेत नाहीत. हिंगणघाट, समुद्रपूर, पार तळेगावपर्यंतचे लोक जामला गाडी बदलायला उतरले, की एक चक्कर दुकानात मारतात. मावसाजींनी जुळवलेली लग्नं मी मोजली नाहीत, पण त्या लग्नांची वरात एकापाठोपाठ एक काढली, तर तिचं तोंड नागपुरात पोचेल आणि बँडवाले अजून जामलाच गाडीतून उतरत असतील.

हे सगळं ते ज्या पद्धतीनं करत, ती पद्धत मी दुसरीकडे कुठंही पाहिली नाही. कम्प्यूटर सुरू केला की पडद्यावर डाव्या बाजूला पोरींच्या फायली, उजव्या बाजूला पोरांच्या. मधे मोकळी जागा. एखादं स्थळ जमायला लागलं की मावसाजी माऊसनं ती पोरगी थोडी उजवीकडे सरकवायचे, तो पोरगा थोडा डावीकडे. कुंकू लागलं, म्हणजे लग्न पक्कं ठरलं, की दोन्ही फायली एकमेकींना चिकटून. लग्न लागलं की दोघंही 'जमले' नावाच्या फोल्डरात. ज्याला पडदा वाचता येत होता त्याला नुसत्या अंतरावरून कळायचं, की कोणाचं कुठवर आलंय. त्यामुळे दुकानात आलेली माणसं वहीचा भाव विचारता विचारता पडद्याकडे मान वाकडी करून पाहायची.

उजव्या बाजूला, अगदी खालच्या कोपऱ्यात, एक फाईल सात वर्षांपासून जागची हलली नव्हती. ती त्यांच्या स्वतःच्या पोराची.

हा माझा मावसभाऊ. छत्तिसावं लागलं त्याला. वावर तोच पाहतो. त्याच्या कपाशीच्या झाडांबद्दल मी लोकांना सांगतो, की त्यात एसटी शिरली तर टपावरचा माणूस दिसत नाही. आणि त्याच्या अंगातल्या ताकदीबद्दल सांगतो, की चिखलात फसलेला ट्रॅक्टर त्यानं एकदा नुसतं रागानं पाहून बाहेर काढला. यातलं दुसरं खोटं आहे, कारण तो रागावत नाही. तो बोलतच नाही फारसा. अकरा ठिकाणी बोलणी झाली आणि अकरा ठिकाणी फिसकटली. प्रत्येक ठिकाणी पोरगा पसंत होता. मावसाजींनी दुनियेची लग्नं लावली आणि स्वतःच्या पोराची फाईल त्यांना एक बोटभरही डावीकडे सरकवता आली नाही, ही गोष्ट दुकानात येणारा प्रत्येक माणूस पाहत होता आणि कोणी बोलत नव्हतं.

मावशीनं त्यावर उपाय केला होता. कुठल्याशा देवस्थानाहून आणलेलं गणपतीचं स्टिकर तिनं पडद्याच्या काचेवर चिकटवलं होतं, नेमकं पोराच्या फाईलवर. अंगठ्याएवढं. फाईलचं चित्र त्याच्या मागे झाकलेलं, खाली नाव तेवढं दिसायचं. दर मंगळवारी ती त्या कोपऱ्यात अगरबत्ती ओवाळायची. त्या धुरानं पडद्याची ती बाजू पिवळी पडली होती.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास त्या कम्प्यूटरवर रोज सकाळी एक सूचना यायला लागली. जुन्या विंडोजला यापुढे आधार मिळणार नाही, नवी घ्या. नवी त्या डब्यात बसत नव्हती. हिंगणघाटच्या दुकानदारानं नवा डबा घ्या म्हणून सांगितलं. त्यातच झेरॉक्सला येणाऱ्या प्रत्येक माणसाचा पेन ड्राइव्ह त्या डब्यात जात असल्यानं दुनियेचे व्हायरस त्यात नांदत होते. सकाळी बटण दाबून मावसाजी आंघोळ करून, पूजा करून, दोन पोळ्या खाऊन येत, तेव्हा तो जागा होत असे.

मावशीनं मला फोन केला आणि मी हिंगणघाटमार्गे जामपर्यंत एसटीत उभ्यानं भाषण देत गेलो.

मावसाजींना पटवायला अख्खी सकाळ गेली. ते हुशार माणूस. त्यांचा मुद्दा असा होता, की फुकटचं म्हणजे त्याला मालक नाही, आणि ज्याला मालक नाही ते घरात कोणाच्या भरोशावर ठेवायचं. उद्या बिघडलं तर कोणाच्या दारात जाऊन ओरडायचं. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, माझ्या. ते त्यांना चाललं. पुढं ते माझ्यावर उलटणार होतं हे मला तेव्हा कळलं नाही, आणि कळलं असतं तरी मी थांबलो नसतो.

शेवटी त्यांनी एकच अट घातली.

"हे पाहाय बापू, तुले करायचं ते कर. पन जे जिथं हाये ते तिथंच राह्यलं पाह्यजे."

मी हो म्हटलं. मला वाटलं ते फायलींबद्दल बोलत आहेत.

फायली मी सांभाळल्या, हे माझ्या बाजूनं लिहून ठेवतो. एकूण एक बायोडाटा, फोटो, पत्रिका, सगळं आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. दोनदा तपासलं. मग नारळ फोडला, जुनं पुसलं, नवं घातलं. मावशीनं मधेच पातोडीचा रस्सा आणला, आणि तो इतका तिखट होता, की माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहून दुकानातल्या गिऱ्हाइकाला वाटलं डबा गेला. डबा कसला जातो. वीस मिनिटांत टुणटुणीत होऊन उभा राहिला. मावसाजींनी बटण दाबलं आणि सवयीनं आंघोळीला उठले. मी त्यांना हात धरून बसवलं. टॉवेल खांद्यावर टाकेपर्यंत पडदा समोर तयार.

फायली मी परत आणल्या आणि उघडून पाहिल्या, तर सगळे बायोडाटा इंग्रजी अक्षरांचा पाला झालेले. मावसाजींचा चेहरा असा झाला, जणू समाजातल्या सगळ्या पोरापोरींची एकदम कुठंतरी वाट चुकली आहे. त्यांनी सगळं जुन्या मराठी टाइपात, म्हणजे फॉन्टात, लिहिलेलं. तो टाइप नव्या प्रणालीत नव्हता. मी तो डिस्कवरून उचलून आत टाकला, आणि पाल्याची परत मराठी झाली. अक्षरं जरा जाड दिसत होती. वाचता येत होती. मावसाजींनी दोन ओळी टाइप करून पाहिल्या, बोटं बरोबर पडली, आणि ते पहिल्यांदा हसले.

इथं मी थांबायला हवं होतं. जागेवर बसून एकेक फाईल आपल्या ठिकाणी ओढून ठेवायला हवी होती. अर्ध्या तासाचं काम. पण मला यश चढलं. मी चौकातल्या टपरीवर गेलो, एक कट चहा मागवला, आणि तिथं बसलेल्या दोन पंजाबी ट्रक ड्रायव्हरांना लिनक्स सांगायला लागलो. ते मन लावून ऐकत होते. त्यांना मराठी येत नव्हती.

तेवढ्यात मावशी मंगळवारची अगरबत्ती घेऊन दुकानात आली.

नव्या प्रणालीनं फायली आपल्या मर्जीनं लावल्या होत्या. पोरं-पोरी सगळी एकमेकांत मिसळून, वरून खाली, नावाच्या क्रमानं. मावशीनं कोपऱ्यात पाहिलं, तर गणपतीच्या मागे पोराची फाईल नव्हती. तिथं केराची टोपली होती. आणि पोराची फाईल पडद्याच्या पार मधोमध जाऊन बसली होती.

मावसाजी शेजारच्या दुकानात हे नवं यंत्र दाखवायला माणूस आणायला गेले होते. मावशीनं कोणाला हाक मारली नाही. फाईल हलवता येते हे तिला ठाऊक नव्हतं. सात वर्षं ती तिनं एकाच जागी पाहिली होती. मग तिनं तिला कळला तो मार्ग धरला. देव उचलून फाईलवर नेऊ लागली.

सात वर्षांचं स्टिकर, सात उन्हाळे खाल्लेलं. नखानं उचलताना मधेच फाटलं. मुकुट, कान आणि डोळे कोपऱ्यात राहिले. पोट, मोदक आणि उंदीर तिच्या हातात आले.

मी टपरीवरून परत आलो तेव्हा तिनं तो अर्धा गणपती पडद्याच्या मधोमध चिकटवलेला होता आणि ती त्याच्याकडे पाहत उभी होती. अगरबत्ती तिच्या हातात तशीच जळत होती. मी घाईघाईनं सगळ्या फायली ओढून जागेवर नेल्या. पोरी डावीकडे, पोरं उजवीकडे. पोराची फाईल कोपऱ्यात नेऊन मुकुटाखाली ठेवली. मावशी म्हणाली की डोकं तिथं आणि पोट इथं, आता पूजा कशाची करू. माझ्याकडे जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असतं. त्या दिवशी मी म्हटलं की दुसरं स्टिकर आणून देतो. खंडित झालेल्या देवावर दुसरा देव चिकटवत नाहीत, एवढं मलाही कळत होतं.

मावसभाऊ संध्याकाळी वावरातून आला. शर्टाला कापूस चिकटलेला. वेचणीचे दिवस होते. त्यानं पडदा पाहिला, मधोमध चिकटलेलं पोट पाहिलं, कोपऱ्यातला मुकुट पाहिला, आणि मला विचारलं की दादा, चहा घेतला का.

तुळशीची लग्नं लागली आणि दुकानात गर्दी सुरू झाली. डबा उत्तम चालत होता. मी वर्ध्यात सगळ्यांना सांगत सुटलो, की जामला क्रांती झाली. फोनवर विचारलं की मावसाजी म्हणायचे, बरं हाये, पळते. हे 'पळते' मी इतक्या ठिकाणी सांगितलं, की लोक मला पाहून रस्ता बदलायला लागले.

आणि मग एका रविवारी तळेगावचे पाहुणे आले.

तळेगाव म्हणजे आष्टी तालुक्यातलं, ज्याला श्यामजी पंतांचं तळेगाव म्हणतात ते. पोरगी नागपूरला एका दवाखान्यात नर्स. बाप शेतकरी. आमच्याकडे रीत अशी होती, की पोराकडचे आधी पोरगी पाहायला जायचे. पण आता पोरींची बाजू आधी येते आणि घर, दार, वावर पाहून जाते. तेही पाहायला आलो असं म्हणून येत नाहीत. हे लोक गिरडला दर्ग्यावर गेले होते. डोंगरावरून उतरता उतरता त्यांना आठवण झाली, म्हणे, की वाटेत जाम लागतं.

मावशीला दोन दिवस आधीच माहीत होतं. तिनं सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, केली होती. मी योगायोगानं तिथंच होतो, म्हणजे मावशीनं मला फोन करून योगायोगानं बोलावलं होतं. कारण बोलायला कोणीतरी पाहिजे. पोरगा बोलत नाही, मावसाजी दुसऱ्यांच्या पोरांबद्दल तासभर बोलतील पण स्वतःच्या पोराचं नाव निघालं की त्यांचा आवाज बसतो.

मी बोललो. सांगू नका किती बोललो. वावरातून फिरताना मी विहिरीला तळ नाही असं सांगितलं, बैल मराठी वाचतात असं सांगितलं. पोरीचा बाप हसत होता. मान हलवत होता. कपाशीचं एक बोंड त्यानं तोडलं, उघडून पाहिलं, आणि मावसभावाला दोन प्रश्न विचारले, पाण्याबद्दल आणि फवारणीबद्दल. मावसभावानं नीट उत्तरं दिली. दोघांचं जमलं असं मला वाटलं. मावशीलाही वाटलं असावं, कारण तिनं त्याच्या ताटात न विचारता तिसरी वडी वाढली.

निघताना त्यांनी बायोडाटा मागितला. मावसाजींनी प्रिंटरला हुकूम सोडला. मावसाजींच्या बायोडाट्याचा एक नियम होता, सगळं एका पानात बसलं पाहिजे, दोनदा घडी घातली की सदऱ्याच्या खिशात जावं इतकं. आणि व्यवसाय सगळ्यात शेवटी. आधी कूळ, मग मामेकूळ, मग काका-आत्या, उंची, शिक्षण, देवक, आणि माणसानं हे सगळं वाचून मनात होकार धरला की मग खालच्या ओळीत हळूच व्यवसाय.

प्रिंटरनं पान दिलं. पोरीच्या बापानं घडी घालून खिशात ठेवलं. गाडी निघाली. त्यांना चौकापर्यंत रस्ता दाखवायला मावसभाऊ मोटरसायकलवर पुढं गेला.

आम्ही अंगणात उभे होतो आणि दुकानातून प्रिंटरचा आवाज आला. मी जाऊन पाहिलं. तो जुना प्रिंटर दम खाऊन दुसरं पान काढत होता. पानावर सगळ्यात वर एकच ओळ. व्यवसाय: शेती. बाकी कोरं. जाड झालेल्या अक्षरांनी शेवटची ओळ दुसऱ्या पानावर ढकलून दिली होती.

मावसाजी माझ्यामागे येऊन उभे होते. त्यांनी ते पान वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. व्यवसाय न लिहिलेला बायोडाटा घेऊन लोक गेले होते. घरी कागद वाचणाऱ्यांना वाटेल पोरगा रिकामा आहे, लपवताहेत. मी पान उचललं आणि चौकाकडे पळालो.

मी पळालो, हे खरं आहे. इतर ठिकाणी मी सांगतो, की मी एका ट्रकला मागे टाकलं. टाकलं नव्हतं. धापा टाकत पोचलो तेव्हा त्यांची गाडी टपरीसमोर उभी होती आणि पोरीचा बाप एकटाच खाली उतरून चहा पीत होता. मी पान पुढं केलं आणि एका श्वासात सांगितलं, कम्प्यूटर नवीन आहे, चूक माझी आहे, हे दुसरं पान राहून गेलं होतं.

त्यानं पान घेतलं. चष्मा लावून ती एक ओळ वाचली. जरा जास्तच वेळ वाचली. मग घडीवर घडी घालून पान मला परत दिलं.

"हे तुमीच ठेवा भाऊ. दुसऱ्याईले दाखवाले कामी येईन."

मी म्हटलं, तुम्ही वावर पाहिलं, बोंड पाहिलं, पोरगा पाहिला.

"पाह्यलं ना. म्हनूनच सांगतो. पोरगं सोनं हाये तुमचं, त्याच्यात काई खोट नाई. पन मी बी शेतीच करतो. शेतकऱ्याच्या घरी पोरगी देनं म्हनजे काय, हे मले मालूम हाये."

त्यानं माझ्या चहासाठी टपरीवाल्याला खूण केली. मी चहा घेतला. तो गाडीत बसला. गाडी नागपूरच्या रस्त्याला लागली. आणि मी ते पान सदऱ्याच्या खिशात ठेवून परत आलो.

मावसाजी दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांनी विचारलं, भेटले का. आणि मी, ज्यानं आयुष्यभर हत्तीएवढ्या थापा मारल्या, त्यानं माझ्या हयातीतली सगळ्यात लहान थाप मारली. म्हटलं, नाही, गाडी निघून गेली होती.

आठ दिवसांनी तळेगावहून निरोप आला, योग नाही.

मावसाजींनी कारण शोधून ठेवलेलंच होतं. दुसरं पान राहिलं. व्यवसाय नव्हता. लोकांना वाटलं पोरगा बेकार. आणि दुसरं पान राहिलं ते या फुकटच्या प्रणालीमुळे, जी त्यांच्या साडूच्या पोरानं आणून घातली. हे ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागले. सांगताना त्यांच्या आवाजात अकरा नकारांनंतर पहिल्यांदाच जोर होता. मावशीचं कारण निराळं होतं. तिचं म्हणणं, देव फाटला. तिनं ते मला कधी बोलून दाखवलं नाही, पण मी आलो की चहा देताना ती माझ्या मागच्या पडद्याकडे पाहायची. दोन्ही कारणं फिरून माझ्यावर येत होती, आणि मी कोणतंच अंगावरून झटकलं नाही. नात्यात माझ्याबद्दल बोललं जाऊ लागलं. एका बारशाला मला पाहून आत्यानं परत कमरेची किल्ली चाचपली.

संक्रांत झाल्यावर मावसाजींचा फोन आला. आवाजात आदर होता, म्हणजे राग होता. म्हणाले, जुनं होतं तसं करून द्या. ज्याच्या दारात ओरडायचं ठरलं होतं, त्याच्याच दारात ते ओरडले.

लिनक्स काढून जुनी विंडोज परत घालणं म्हणजे माझ्यासाठी काय होतं हे सांगायला लागलो तर मी परत वाढवून सांगेन. म्हणून एवढंच, की मी गेलो आणि केलं. दुपारची वेळ. मावसाजी एका गिऱ्हाइकाच्या बारशाच्या छापलेल्या पत्रिका द्यायला गेले होते. मावशी आत. मी एकटा दुकानात, आणि डबा हळूहळू आपल्या जुन्या आजारात परत जात होता. मावसभाऊ वावरातून आला, हात-पाय धुऊन माझ्या शेजारी स्टुलावर बसला. बराच वेळ आम्ही दोघं पडद्यावरची टक्केवारी पाहत होतो.

मग तो म्हणाला, "दादा, त्या दिवशी मी पंपावर होतो. पेट्रोल टाकून राह्यलो होतो."

पंप टपरीच्या बरोबर समोर आहे.

"तुले पाह्यलं मी त्याईच्यासंग. कागद वापस करताना बी पाह्यलं."

मी विचारलं, मग घरी काऊन नाही सांगितलंस. तो पडद्याकडेच पाहत होता.

"सांगून काय करू? बाबाले आता कोनाले तरी शिव्या देता येते. झोप लागते त्याईले." मग म्हणाला, "तू लिनक्सनंच मोडलं म्हनजो. कोनी इचारलं तरी."

मी त्याला विचारलं, आणि तू. तू काय समजतोस.

त्यानं हातावरची कपाशीची एक काडी काढली आणि दाराबाहेर टाकली. म्हणाला, "तो काय म्हनला असन ते मले बी मालूमच हाये."

विंडोज उभी राहिली. फायली परत आणल्या तेव्हा त्या परत आपल्या मर्जीनं लागल्या, सगळी पोरं-पोरी एकमेकांत. मी माऊसला हात लावणार, तेवढ्यात मावसभावानं तो आपल्याकडे ओढला. आधी त्यानं पोरी डावीकडे नेल्या. एकेक, घाई न करता. मग पोरं उजवीकडे. दोन फायली त्यानं एकमेकींना चिकटवून ठेवल्या. कुणाचं तरी कुंकू लागलं होतं, आणि त्याला ते ठाऊक होतं. मला तर हेही माहीत नव्हतं, की पडदा त्याला वाचता येतो. सात वर्षं तो रोज वाचत असणार.

सगळ्यात शेवटी त्यानं स्वतःची फाईल उचलली. पडद्याच्या मधोमध चिकटलेल्या पोटावरून तिला सरकवत नेलं आणि खालच्या कोपऱ्यात, फाटक्या मुकुटाच्या बरोबर खाली नेऊन ठेवलं. जरा डावीकडे गेली होती. ती त्यानं बोटभर परत उजवीकडे घेतली.

मग आत आवाज दिला, आई, ये, ठेवलं जागेवर.

मावशी पदराला हात पुसत आली. पाहून तिनं मान हलवली आणि अगरबत्ती आणायला गेली. तेवढ्यात मावसाजी आले. खुर्चीत बसले. पडद्यावर परत ती सूचना आली होती, की या प्रणालीला यापुढे आधार मिळणार नाही. मावसाजींनी ती वाचली नाही. कोपऱ्यातल्या फुलीवर नेम धरून बंद केली, आणि मला म्हणाले, आता बरं वाटते.

मी हो म्हटलं. त्यांनी माझ्यासमोरच एका गिऱ्हाइकाला सांगायला सुरुवात केली, की लिनक्स नावाच्या प्रकारानं त्यांच्या पोराचं जुळत आलेलं कसं मोडलं. गोष्ट ते चांगली सांगत होते. वाढवूनही सांगत होते. आता त्यात दोनऐवजी तीन पानं होती, आणि पोरीचा बाप जवळजवळ हो म्हणून बसला होता. मी मान खाली घालून ऐकत राहिलो. मावसभाऊ दाराशी चपला घालत होता. जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि वावराकडे निघून गेला. वेचणी अजून उरली होती.